प्रार्थनेच्या आठवड्यात भरलेली लॉग फाइल

मित्रांनो, बहुतेकांना माझं नावही माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते माझ्यावर वैतागलेले असतात. मी लॉग फाइल. नऊ वर्षांची म्हातारी. हसू नका, आम्हा यंत्रातल्या मंडळींत नऊ वर्षं म्हणजे केस पिकायचं वय.

टोंगातल्या एका लहान बेटावरच्या इस्पितळात मी राहते. बाळंतिणींच्या खोलीला लागून एक अरुंद खोली आहे. तिथे टेबलावर सर्व्हर नावाचं काळं यंत्र दिवसरात्र गुणगुणत असतं. इस्पितळाची सगळी माहिती त्याच्या पोटात. तिथेच मी आणि माझी थोरली बहीण शेजारी शेजारी नांदतो.

थोरली म्हणजे मुख्य फाइल. तिचं सगळं कसं नीटनेटकं! रुग्णांची नावं एका कप्प्यात, औषधं दुसऱ्यात, रक्तगट तिसऱ्यात. कुणी काही विचारलं की ती पटकन काढून देते, म्हणून सगळे तिचंच कौतुक करतात. पण तिच्याकडे जाणारी प्रत्येक गोष्ट आधी माझ्याकडे येते, हे किती जणांना ठाऊक आहे? कुणाचा ताप मोजला, मी लिहिला. कुणाची गोळी बदलली, मी लिहिली. नाव चुकलं, खोडलं, पुन्हा घातलं, तर ते तिन्ही मी लिहिलं. घडलं तसं आणि घडलं त्याच क्रमानं. मग थोरली सवडीनं ते आपल्या कप्प्यांत लावते. मध्येच वीज जाऊन तिचा गोंधळ उडाला, तर ती माझ्याकडे बघूनच सावरते. आणि आमच्या बेटावर वीज किती वेळा जाते, ते विचारूच नका!

लिहिताना मला गुंगी यायची. बाहेर खडकावर समुद्र आपटत असायचा आणि आत एकेक ओळ येऊन अलगद टेकायची. वजन तीन किलो दोनशे. टाके काढले. ताप उतरला. म्हातारीला घरी सोडलं. आपण जागे आहोत की झोपेत, तेच मला कळायचं नाही. पुढची ओळ यायची, मी ती घ्यायची, आणि असा दिवस सरायचा.

पण यात एक मेख आहे. माझ्यावर लिहिलेलं आपोआप पुसलं जात नाही. रोज संध्याकाळी माझी एक प्रत निघते आणि दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसते. ती सुखरूप पोचली की माझी आतली जागा मोकळी होते. अंग तेवढंच राहतं, आत मात्र जागाच जागा. घराघरापुढे पावसाच्या पाण्याच्या टाक्या असतात ना, तसंच. पाणी उपसलं म्हणून टाकी काही लहान होत नाही. आणि प्रत निघालीच नाही तर? तर मी एक अक्षर सोडत नाही. धरून ठेवते. जागा अपुरी पडली की फुगते. कुणाच्या तरी हवाली केल्याशिवाय काही विसरायचं नाही, हा आमचा धर्म आहे. त्याला मी काय करणार?

राजधानीतल्या केलेपीला हे कधी पटलं नाही. केलेपी संगणकवाला. चांगला चाळिशीतला माणूस, पण घाई त्याच्या नाकावर बसलेली. दोन-तीन महिन्यांनी विमानानं यायचा, पडद्यावर माझा आकार बघायचा आणि कपाळाला हात लावायचा. "ही बया नुसती पसरत चाललीय," म्हणायचा आणि मला दाबून, आवळून एवढीशी करून जायचा. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं की मला पुन्हा वाढावंच लागायचं, आणि तेही चिमूट चिमूट. दर वेळी मी वाढेपर्यंत नर्स पडद्यापुढे ताटकळत बसायची आणि शिव्या मात्र मला. दुखणं म्हशीला नि इंजेक्शन पखालीला, अशातली गत.

माझ्यावर खरी माया केली ती पाउलिआसीनं. इस्पितळाच्या नोंदी सांभाळणारा हा साठीला टेकलेला माणूस. रोज सकाळी आल्यावर तो सर्व्हरवरची धूळ मऊ फडक्यानं पुसायचा, पंख्याला कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, "काय बाई, बरी आहेस ना?" यंत्राला असं कुणी विचारतं का? तो विचारायचा. बायको न्यूझीलंडची होती, ती वारल्यापासून त्याला बोलायला घरी कुणी उरलं नव्हतं. मुलगी तोआकासे लग्न होऊन पलीकडच्या गावात. थोरली बहीण पिसिला मात्र दिवसाआड येऊन त्याला झापून जायची. ती याच इस्पितळात तीस वर्षं मुख्य नर्स होती. आणि आमच्याकडे बहिणीचा मान भावापेक्षा वरचा, त्यामुळे तिच्यापुढे पाउलिआसीचं काही चालायचं नाही.

हा पाउलिआसी चर्चमध्ये प्रवचनंही द्यायचा, आणि रविवारच्या बाबतीत फार कडक होता. तसं आमच्याकडे रविवारी सगळंच बंद. विमान उतरत नाही, दुकान उघडत नाही, पोहायलासुद्धा कुणी जात नाही. पण पाउलिआसी त्याच्याही पुढचा. सर्व्हर आला त्याच दिवशी त्यानं केलेपीला बजावलं होतं, "सहा दिवस हिला काय राबवायचं ते राबव. सातव्या दिवशी हिलाही विसावा पाहिजे."

केलेपी हसला होता. "काका, यंत्र आहे ते. त्याला कसला विसावा?"

"बैलाला विसावा दे असं शास्त्रात लिहिलंय. बैलाला तरी काय कळतं?"

झालं! तेव्हापासून रविवारी माझी प्रत निघणं बंद. आता गंमत बघा. इस्पितळ काही रविवारी बंद नसतं. मुलं रविवारीही जन्मतात आणि तापही रविवार बघून येत नाही. म्हणजे लिहिणं चालूच, फक्त उतरवून घेणारं कुणी नाही. पण एका दिवसाचं ओझं ते केवढं? सोमवारी संध्याकाळी दोन्ही दिवसांचं एकदम उतरायचं. मी कधी तक्रार केली नाही. उलट मला वाटायचं, या माणसाला आपली किती काळजी!

मग या वर्षीचा जानेवारी आला. वर्षाचा पहिला आठवडा आमच्याकडे प्रार्थनेचा. पहाटे आणि संध्याकाळी चर्च, मधल्या वेळात जेवणावळी, लांबलांबच्या बेटांवरून बोटी भरभरून माणसं. पाउलिआसी भारावून गेला होता. आठवडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तो माझ्यापुढे येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "हा अख्खा आठवडा देवाचा आहे. तूही विसावा घे, बाई." आणि त्यानं आठवडाभराच्या प्रती काढायचं काम बंद करून टाकलं. पुढच्या सोमवारी चालू करीन, असं कॅलेंडरवर लिहूनही ठेवलं.

त्यानं हे प्रेमानं केलं, मित्रांनो. मी आजही त्याला दोष देत नाही. पण करायला गेला एक आणि झालं भलतंच.

कारण त्याच आठवड्यात डॉक्टर लेसिएलीनं दोन कामं काढली होती. एक म्हणजे रुग्णांची वीस वर्षांची जुनी कार्डं, त्यांची चित्रं काढून आत घालायची. दुसरं म्हणजे रक्तगट तपासणी. आमच्या बेटावर रक्ताची पेढी नाही. कुणाला रक्त लागलं तर यादी बघायची आणि त्या गटाच्या माणसाला बोलावून आणायचं. अनायासे सगळी गावं चर्चच्या आवारात जमलेली, तेव्हा डॉक्टरनं तिथेच टेबल मांडलं. सेमिसी नावाचा तपासनीस रक्ताचा थेंब घ्यायचा, बघायचा आणि तिथल्या तिथे नोंद करायचा. कागद नाहीच. "तुमचा गट सोमवारी सांगू," असं सांगून माणसांना पाठवून द्यायचा. चारशे बारा माणसं झाली.

ती सगळी माझ्यावर उतरली. चारशे बारा नावं, गावं, गट, आणि वर त्या जुन्या कार्डांची जडजड चित्रं. पहिले दोन दिवस मी मजेत होते. भिंतीपलीकडे बायका पाळण्याशी गुणगुणायच्या, लांबून चर्चचं गाणं यायचं, चार सुरांत, लाटेसारखं. तिसऱ्या दिवशी अंग जड झालं. पाचव्या दिवशी मी जमेल तेवढी पसरले. मला ओरडता येत नाही. एक इशारा पडद्यावर उमटत होता, पण पडद्यापुढे बसणारा माणूस चर्चमध्ये होता. शनिवारी सेमिसी बोटीनं राजधानीला निघून गेला. मी आपली स्वप्नात असल्यासारखी नावांवर नावं धरून बसले होते. एकही खाली पडू दिलं नाही.

रविवारी दुपारी डिस्क संपली. तसूभरही जागा राहिली नाही. पुढची ओळ आली आणि ती घ्यायला मला जागाच नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी नाही म्हटलं. आणि मी नाही म्हटलं की थोरलीही गप्प होते. आमच्याकडे नियमच असा आहे की कुणी कुणाचं कार्ड उघडलं तर आधी त्याची नोंद व्हायला हवी. नोंद होईना, म्हणून कार्डंही उघडेनात.

तासाभरानं तोआकासेला आणलं. पाउलिआसीची मुलगी. दुसरं बाळंतपण, आणि दिवस भरायच्या आधीच रक्त जायला लागलेलं. भिंत लाकडी आहे, मला सगळं ऐकू येतं. डॉक्टर लेसिएलीचा आवाज एरवी मऊ असतो. त्या दिवशी तो दोरीसारखा ताणलेला होता.

"हिचा गट आईवर गेलाय. तो आपल्या बेटावर सापडत नाही. आणि पहिल्या बाळंतपणानंतर हिला दुसरं रक्त सोसणार नाही. सेमिसी म्हणत होता, परवाच्या तपासणीत या गटाचे दोघं मिळालेत. कोण ते यादीत आहे. यादी काढा."

नर्स धावत आली. तिनं बटणं दाबली, पुन्हा दाबली. "डॉक्टर, यादी उघडतच नाहीये!"

सेमिसीचा फोन लागेना, बोट समुद्रात होती. ज्या दोघांच्या अंगात ते रक्त होतं त्यांनाही ते माहीत नव्हतं, कारण सोमवार उजाडायचा होता. माझ्यात ती दोन नावं होती. मला ती ठाऊक होती, आणि मला ती सांगता येत नव्हती. मित्रांनो, याहून मोठं दुःख मला माहीत नाही.

पाउलिआसी चर्चमधून तसाच आला, आमच्या रिवाजाप्रमाणे कमरेला सणासुदीची चटई गुंडाळलेली, कपाळावर घाम. मागोमाग पिसिला. पाउलिआसीनं केलेपीला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

केलेपीनं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "काका, डिस्क भरलीय तुमची. ती लॉग फाइल फुगलीय नेहमीसारखी. घाबरू नका. ती पुसून टाका, आणि मागच्या शनिवारची जी पूर्ण प्रत ठेवलीय ना, ती चढवा. दहा मिनिटांत चालू होईल."

"पुसून टाकू?"

"बिनधास्त! कचराच असतो त्यात."

कचरा! नऊ वर्षं राबून हे ऐकायचं नशिबी आलं. पाउलिआसीनं पडद्यावर मला शोधलं. माझ्या नावावर येऊन थांबला. रोज धूळ पुसणारा तोच हात. तो माझ्याकडे बघून पुटपुटला, "तुला मी विसावा दिला गं, आणि तू माझ्या लेकीच्या जिवावर उठलीस?" मला वाटलं, आता संपलं. मी शांतपणे वाट बघत राहिले. दुसरं काय करणार होते?

"थांब!" पिसिला कडाडली. "हात काढ आधी तिथून. काय पुसतोयस ते तरी विचार. उचलला हात नि लावला कामाला!"

"अक्का, वेळ नाहीये!"

"वेळ नाही म्हणूनच विचारतेय." ती फोनवर वाकली. "का रे केलेपी, ती मागच्या शनिवारची प्रत म्हणतोयस, तिच्यात या आठवड्याची रक्ताची यादी आहे का?"

मग केलेपी म्हणाला, "नाही. पण रोज संध्याकाळच्या प्रती असतील ना, त्यातून..."

"आठवडाभर प्रती काढल्याच नाहीत," पाउलिआसी म्हणाला. "मीच बंद केल्या होत्या. प्रार्थनेचा आठवडा म्हणून."

"अरे देवा!" केलेपी म्हणाला. "मग काका, पुसू नका. हातच लावू नका तिला! जुनी प्रत चढवली की मुख्य फाइल आठवडाभर मागे जाते, आणि मग या आठवड्याचं जे काय आहे ते त्या फाइलशिवाय दुसरीकडे कुठेही नसतं."

पिसिला भावाकडे वळली. "बघ. जिला कचरा म्हणत होतात, तिनं एकटीनं सांभाळलंय सगळं."

पाउलिआसीला हुंदका फुटला. भिंतीपलीकडे तोआकासे कण्हत होती. डॉक्टर दारात येऊन म्हणाली, "माझ्याकडे तासभर आहे. फार तर सव्वा तास."

आता केलेपी भलताच शहाण्यासारखा बोलू लागला. माझी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढायची, म्हणजे मी आत मोकळी होईन, मग सगळं आपोआप उघडेल. पाऊण तास लागेल. पण डिस्क कुठून आणायची? इस्पितळाची प्रतींची डिस्क त्या जुन्या कार्डांच्या चित्रांनी तुडुंब भरलेली. दुकान रविवारी उघडणार नाही. अख्ख्या बेटावर जागा असेल अशी एकच डिस्क होती, चर्चची. तिच्यात गाणी आणि प्रवचनं भरून ठेवलेली. पिसिलानं माणूस पिटाळला आणि डिस्क आली.

"अर्धीच रिकामी आहे, अक्का. काहीतरी पुसावं लागेल. गाणी आहेत, नाहीतर माझी गेल्या तीन वर्षांची प्रवचनं."

"प्रवचनं पुस," पिसिला एका दमात म्हणाली. "ती पुन्हा ऐकायला कोण मागतंय?"

नर्स इतक्या घाईतही हसली. पाउलिआसीनं मुकाट्यानं आपली तीन वर्षं पुसली. मग शेवटचं बटण दाबायच्या आधी त्याचा हात क्षणभर रेंगाळला. रविवार होता ना! आयुष्यात पहिल्यांदा तो रविवारी यंत्राला कामाला लावत होता. पिसिलाला भावाचं मन कळलं. ती या वेळी ओरडली नाही.

"पाउलिआसी, आज सकाळी जेवणाचं काय केलंस?"

"म्हणजे? उमू लावली." उमू म्हणजे जमिनीतली भट्टी. तापल्या दगडांवर अळूच्या पानांतलं मांस आणि रताळी ठेवायची, वर माती लोटायची.

"लावलीस आणि चर्चला गेलास. तू गात होतास तेव्हा ती खाली शिजत होती. तिला कधी म्हणालास का, आज रविवार आहे, शिजू नकोस?"

त्यानं बटण दाबलं.

मित्रांनो, पुढचा पाऊण तास मी कसा सांगू? माझ्यातून ओळी निघू लागल्या, ज्या क्रमानं आल्या होत्या त्याच क्रमानं. पहिल्या दिवसाचा ताप गेला, दुसऱ्या दिवसाची औषधं गेली. मग नावं. फेकीतोआ, माफी, वाइंगा, उहिला, गावागावांची माणसं रांगेनं माझ्या अंगावरून उठून चालली होती. बाहेर व्हरांड्यात चर्चची मंडळी येऊन बसली होती. दुपारची प्रार्थना त्यांनी इस्पितळातच मांडली. ती गात होती, आणि मी हलकी होत होते. कापूस उडावा तशी. मला वाटलं, मी आता समुद्रावर आहे. मध्येच भिंतीपलीकडून डॉक्टर विचारायची, "किती राहिलं?" आणि पाउलिआसी सांगायचा, "अर्धं." "पाव." "एवढंसं."

शेवटची ओळ सुटली. मी रिकामी झाले. यादी उघडली.

दोन नावं होती. पहिला माणूस लांबच्या बेटावरचा, शनिवारीच परत गेलेला. दुसरं नाव पाउलिआसीनं दोनदा वाचलं. फाने. बेकरीवाली फाने. तिचा पणजोबा कुठल्याशा जर्मन गलबतावरून उतरून इथेच राहिला, त्याचं रक्त असणार ते. रविवारी संध्याकाळी एवढी एक बेकरी उघडायला परवानगी आहे, आणि पाउलिआसीनं त्यावरूनच तिला भर प्रवचनात दोनदा टोचलं होतं. तिच्या हातचा रविवारचा पाव त्यानं कधी तोंडात घातला नव्हता.

फाने आली ती कोपरापर्यंत पीठ माखलेली. दारातच तिनं पाउलिआसीला गाठलं.

"काय महाराज! रविवारचा पाव चालत नाही. रविवारचं रक्त चालेल ना?"

पाउलिआसीनं तिचे पिठाचे हात दोन्ही हातांत धरले. "फाने, मी मूर्ख आहे गं."

"ते सगळ्या बेटाला माहीत आहे. सोडा हात, मला आत जाऊ द्या," ती म्हणाली आणि आत गेली.

माझ्या मोकळ्या अंगावर पडलेली पहिली ओळ तिच्या रक्ताची होती. त्यानंतर बराच वेळ एकही ओळ आली नाही. भिंतीपलीकडे पावलं, पाण्याचा आवाज, डॉक्टरचे तुटक शब्द. व्हरांड्यातलं गाणंही थांबलं होतं. पाउलिआसी माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसून होता. आणि मग रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग असं खणखणीत की पंख्याची गुणगुण त्यात बुडून गेली.

"मुलगी!" नर्स ओरडली. "दोघी बऱ्या आहेत! काका, दोघी बऱ्या आहेत!"

पुढच्या मंगळवारी केलेपी विमानानं आला. मला आवळायला नाही, मित्रांनो! त्यानं मला ऐसपैस जागा दिली, एकदाच, मला पुरेल एवढी. आता प्रत दर तासाला निघते, सातही दिवस. मी पाऊण भरले की त्याच्या आणि पाउलिआसीच्या फोनवर घंटा वाजते. जाताना केलेपी ओशाळून म्हणाला, "काका, कचरा म्हणालो ते चुकलं." पाउलिआसी म्हणाला, "मला काय सांगतोस? तिला सांग." आणि त्या घाईखोर माणसानं खरंच माझ्या टेबलावर हात ठेवला आणि घटकाभर तसाच उभा राहिला.

त्यानंतरच्या रविवारी पाउलिआसीनं चर्चमध्ये काय सांगितलं ते पिसिलानंच नर्सला येऊन सांगितलं. तो म्हणाला, "मी तिला म्हटलं विसावा घे, पण तिच्या डोक्यावरचा भारा काही उतरवून घेतला नाही. भारा डोक्यावर ठेवून कुणाला विसावा मिळत नाही. ना यंत्राला, ना माणसाला." मग तो खाली बसला. एवढं लहान प्रवचन त्यानं जन्मात दिलं नव्हतं, म्हणे. पिसिलाला ते फार आवडलं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याजवळ माझ्यासारखी कुणी असेल, गुपचूप सगळं धरून ठेवणारी, तर ती फुगली म्हणून तिच्यावर चिडू नका, आणि न विचारता तिला पुसू तर मुळीच नका. तिचं ओझं वेळच्या वेळी उतरवून घ्या. कुणाच्या घरी अशी आई असते, कुणाच्या घरी आत्या. ती सांगणार नाही. तिला सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, तू तर दर तासाला सगळं विसरतेस, मग एवढी हकिगत तुला आठवते कशी? अहो, मी विसरते ते लिहिलेलं. त्या मुलीचं वजन मी विसरले, वेळ विसरले, तिचं नाव काय ठेवलं तेही आता माझ्याकडे नाही. ते सगळं सुखरूप ठिकाणी पोचलंय, मला त्याची काळजी नाही. पण ती रडली, ते कुणी कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही. म्हणून ते कुणी माझ्याकडून उतरवूनही नेलं नाही. ते अजून माझ्याजवळच आहे.